घरच्या वालावरील किडींचे सेंद्रिय नियंत्रण : आधी पाहावे, मग फवारावे

वालाच्या वेलाला पहिले तुरे येतात, घरातील सर्वांना आनंद होतो आणि चार दिवसांत कोवळे शेंडे काळ्या माव्याने भरून जातात. पुढे शेंगा धरतात, तर त्यांना भोके पडलेली दिसतात. घरी भाजीपाला पिकवू लागलेल्या प्रत्येकाला हा अनुभव केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न व्यवहाराचा : वेल वाचवायचा कसा ? दुसरा प्रश्न साधनेचा : एका बाजूला आपण जीवमात्रांविषयी प्रेम वाढावे, यासाठी प्रयत्न करतो आणि दुसऱ्या बाजूला शेकडो जीव मारायला निघतो, हे योग्य आहे का ? या लेखात दोन्ही प्रश्नांचा एकत्रित विचार केला आहे; कारण पहिल्याचे उत्तर नीट शोधले की, दुसऱ्याचे उत्तरही बरेचसे सापडते.

१. हा प्रश्न जिथे रोजचा आहे, ते बैलकुप्पे

कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यात, पिरियापट्टण तालुक्यात बैलकुप्पे हे गाव आहे. १९५९ नंतर तिबेटमधून भारतात आलेल्या निर्वासितांसाठी तत्कालीन म्हैसूर राज्याने येथे सुमारे ३ हजार एकर जमीन दिली. जंगल तोडून, हत्तींचा उपद्रव सोसून १९६०-६१ पासून तेथे वसाहत उभी राहिली. भारतातील तिबेटी लोकांची ही पहिली शेतीवसाहत. १९६९ मध्ये शेजारीच दुसरी वसाहत झाली. नामद्रोलिंग आणि सेरा हे मोठे बौद्ध मठही येथेच आहेत. थंड पठारावर जव पिकवणाऱ्या लोकांना येथे पावसावरचा मका पिकवायला शिकावे लागले. उष्ण आणि दमट हवेबरोबर त्यांना नवीन किडीही मिळाल्या.

बौद्ध उपासकाचे पहिले शील म्हणजे प्राणिहिंसेपासून दूर राहणे. ते मठातील भिक्षूला जसे आहे, तसे शेतकऱ्यालाही आहे. कीटकनाशकाचा पंप पाठीवर घेताना हे शील आठवणारच. मध्यवर्ती तिबेटी प्रशासनाच्या गृह विभागाने या शतकाच्या आरंभापासून वसाहतींमध्ये सेंद्रिय शेतीला चालना दिली. त्यामागे माती आणि आरोग्य यांचा विचार होता, तसाच अहिंसेचाही होता.

बैलकुप्पेच्या आसपासचा सगळा मुलूख 'अवरे'चा आहे. अवरे म्हणजे आपला वाल किंवा पावटा. मार्गशीर्ष-पौषातील थंडीत, दव पडू लागले की, म्हैसूर आणि बंगळुरू येथील बाजार अवरेच्या शेंगांनी भरतात. दवात वाढलेल्या शेंगेला जो खास वास येतो, त्याला कन्नडमध्ये 'सोगडु' असा वेगळा शब्दच आहे. कोकणात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कडवे वाल घेतात, बिरडे होते, रायगडात पोपटी लागते. तसाच हा तिकडचा हंगाम. त्यामुळे जो प्रश्न बैलकुप्पेच्या शेतकऱ्यापुढे आहे, तोच आपल्या अंगणातील मांडवाखाली आणि गच्चीवरील कुंडीजवळही आहे.

२. धर्मग्रंथ काय शिकवतात ?

२ अ. हेतू आणि लक्ष : बौद्ध विनयात भिक्षूंसाठी एक नियम आहे. पाण्यात जीव आहेत, हे ठाऊक असतांना ते पाणी गवतावर किंवा मातीवर ओतू नये. पाणी गाळण्याचे वस्त्र ही भिक्षूच्या मोजक्या वस्तूंपैकी एक आहे. पावसाळ्यात एका जागी राहण्याच्या वर्षावासामागेही पायाखाली कोवळी रोपे आणि लहान जीव चिरडले जाऊ नयेत, हे कारण सांगितले आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्षुपाल नावाच्या अंध स्थविरांची गोष्ट येते. पाऊस पडून गेल्यावर पहाटे ते चंक्रमण करत होते. त्यांच्या पायाखाली इंद्रगोप, म्हणजे मृगाचे तांबडे किडे, मेले. इतर भिक्षूंनी तक्रार केली, तेव्हा बुद्धांनी त्यांना दोषी मानले नाही. कारण त्यांना किडे दिसले नव्हते आणि मारण्याचा हेतूही नव्हता. या गोष्टीतून आपण सोयीचा अर्थ काढू नये. चक्षुपालांना दृष्टी नव्हती, आपल्याला आहे. ज्याला दिसते, त्याने पाहिले पाहिजे.

२ आ. न टळणाऱ्या हिंसेची कबुली : आपल्याकडे गृहस्थाच्या घरात हिंसा घडणारी पाच ठिकाणे सांगितली आहेत : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्यांना 'पंचसूना' म्हणतात. ही ठिकाणे बंद करा, असे शास्त्र सांगत नाही. ती आहेत, हे मान्य करून त्यासाठी पंचमहायज्ञ सांगितले आहेत. त्यांतील एक भूतयज्ञ, म्हणजे अन्य जीवांसाठी अन्नाचा वाटा काढून ठेवणे. घरची बाग हेही असेच एक ठिकाण आहे. तेथे हिंसा शून्य होईल, असे म्हणणे खरे नाही. पण ती किती, कशासाठी आणि न पाहता झाली का, हे आपल्या हाती आहे.

३. 'सेंद्रिय' म्हणजे 'हिंसारहित' नव्हे

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. फवारणी घरगुती आणि वनस्पतीपासून केलेली असेल, तर तिच्यात दोष नाही, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात साबणाचे पाणी माव्याला मारते, तसेच माव्याला खाणाऱ्या मित्रकीटकांच्या अळ्यांनाही मारते. तंबाखूचा काढा वनस्पतीचाच असतो. पण त्यातील निकोटीन हे तीव्र विष आहे आणि ते माणसाच्या त्वचेतूनही शरिरात जाते. घरच्या भाजीवर तंबाखूचा काढा कधीही वापरू नये. दशपर्णी अर्कात कण्हेर आणि रुई यांसारख्या विषारी वनस्पतींचा पाला घालतात. शेतात तो माहितगार माणसाच्या हातून वापरला जातो. पण जेथे लहान मुले वेलावरची शेंग तोडून तशीच तोंडात घालतात, त्या अंगणात त्याची आवश्यकता नाही.

थोडक्यात 'बाटलीत काय आहे', यापेक्षा 'ती केव्हा उचलली', हे अधिक महत्त्वाचे आहे. बाटली सर्वांत शेवटी उचलावी. त्यापूर्वीच्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत.

४. कीड येण्यापूर्वीची काळजी

४ अ. योग्य हंगाम : वालाच्या जुन्या स्थानिक जातींना दिवस लहान झाल्याविना फुले येत नाहीत. उन्हाळ्यात लावलेला असा वेल नुसता पाल्याने माजतो. मग 'किडीमुळे फुले येत नाहीत', असे वाटून फवारणी केली जाते. पावसाळ्यात लावलेला वेल थंडीच्या तोंडावर आपोआप फुलतो. दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेल्या बुटक्या जातीही आहेत. बंगळुरूच्या कृषी विद्यापिठाच्या 'हेब्बाळ अवरे' जाती अशाच आहेत. बी घेतांना कोणत्या प्रकारचे आहे, ते विचारून घ्यावे.

४ आ. खताचा अतिरेक टाळणे : वालाच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जीवाणू राहतात आणि ते हवेतील नत्र झाडाला देतात. त्यामुळे वालाला नत्राचे खत फार लागत नाही. आपण प्रेमापोटी शेणखत, खरकट्याचे खत आणि जीवामृत सतत देत राहिलो, तर शेंडे लुसलुशीत होतात आणि माव्याला तेच हवे असते. लागवडीच्या वेळी चांगले कुजलेले खत आणि नंतर बेताने जीवामृत एवढे पुरेसे आहे. (जीवामृताचा प्रसार करणारे श्री. सुभाष पाळेकर मूळचे अमरावती जिल्ह्यातील. त्यांच्या नैसर्गिक शेतीचा मोठा प्रसार कर्नाटकातील शेतकऱ्यांमध्ये झाला.)

४ इ. मोकळी हवा आणि मातीची भर : वेलाला मांडव किंवा काठ्यांचा आधार द्यावा. दाट गुंत्यात कीड लपते आणि आपल्याला ती दिसत नाही. घेवड्याच्या लहान रोपांच्या खोडात खोडमाशीची अळी शिरते, रोप पिवळे पडून कोलमडते. रोपे वीतभर होण्याआधीच बुंध्याला मातीची भर दिली, तर वर नवीन मुळे फुटून पुष्कळ रोपे तगतात.

४ ई. सोबतीची झाडे : जवळ झेंडू, कोथिंबीर, बडीशेप फुलू द्यावी. या फुलांवर मित्रकीटक येतात.

५. कीड आणि मित्र यांची ओळख

५ अ. काळा मावा : वालावरील हा सर्वांत नेहमीचा किडा. कोवळे शेंडे, तुरे आणि शेंगा यांवर काळ्या चकचकीत ठिपक्यांसारखा दाटीने बसतो आणि रस शोषतो. पंख नसलेली मादी नराविना थेट पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्ले उबदार हवेत साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्ले देऊ लागतात. म्हणून तो 'एका रात्रीत' आल्यासारखा वाटतो. त्याच्या अंगातून गोड चिकट स्राव पडतो. तो खायला मुंग्या येतात आणि मोबदल्यात माव्याचे शत्रूंपासून रक्षण करतात. मुंग्यांची रांग वेलावर चढतांना दिसली की, वर मावा आहे, असे समजावे.

उपाय : सकाळी पाण्याची जोरदार धार शेंड्यांवर आणि पानांच्या खालून मारावी. एका हाताने शेंडा धरावा, म्हणजे तो मोडणार नाही. खाली पडलेला बिनपंखी मावा सहसा पुन्हा वर चढू शकत नाही. एक दिवसाआड ३-४ वेळा हे केल्यास बहुतेक वेळा काम भागते. फार भरलेला शेंडा खुडून टाकावा. मुंग्यांची वाट अडवण्यासाठी मांडवाच्या काठीच्या तळाशी पाण्याची वाटी ठेवावी किंवा काठीला एरंडेल लावलेली चिंधी गुंडाळावी.

५ आ. मित्र ओळखण्यात झालेली माझी चूक : मागील वर्षी आमच्या गच्चीवरील वालावर मावा आला. माव्याच्या दाटीत मला काळ्या रंगाच्या, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या, मगरीसारख्या दिसणाऱ्या लहान अळ्या दिसल्या. 'हीच खरी कीड', असे वाटून मी त्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. नंतर चित्रे पाहिल्यावर कळले की, त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या होत्या आणि त्या मावाच खात होत्या. ज्यांनी माझे काम केले असते, त्यांनाच मी मारले होते. पुढच्या आठवड्यात मावा दुप्पट झाला. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. जमेची रक्कम खर्चाच्या बाजूला लिहिली, तर संपूर्ण ताळेबंद चुकतो, हे मला ठाऊक होते. पण वेलापाशी मी तेच केले. ही चूक रासायनिक औषधाने झाली नाही, न पाहिल्यामुळे झाली.

त्यामुळे माव्याच्या दाटीत पुढील गोष्टी दिसल्या, तर हात आवरावा :
• ढालकिडे आणि त्यांच्या मगरीसारख्या अळ्या
• सिरफिड माशीची पाय नसलेली, गोगलगाईसारखी सरकणारी हिरवट अळी
• केसासारख्या देठावर उभी असलेली क्रायसोपाची पांढरी अंडी
• फुगून तपकिरी, कोरडा झालेला मावा (याच्या पोटात लहान परोपजीवी गांधीलमाशीचे पिल्लू वाढत असते. ते बाहेर पडून पुढच्या माव्याला शोधते.)

हे दिसले, तर ४-५ दिवस काहीही न करता केवळ निरीक्षण करावे. आपल्या देशात या मित्रकीटकांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो ही ती संस्था बंगळुरूला आहे.

५ इ. शेंगा पोखरणाऱ्या अळ्या : हिरवी घाटेअळी शेंगेला गोल भोक पाडून अर्धे शरीर बाहेर ठेवून दाणे खाते. दुसरी ठिपक्यांची अळी फुले आणि कोवळ्या शेंगा जाळीने एकमेकांना चिकटवून आत राहते. आत शिरलेल्या अळीपर्यंत कोणतीही फवारणी नीट पोचत नाही. म्हणून येथे हातच उपयोगी पडतो. सायंकाळी किंवा पहाटे १० मिनिटे वेल पाहावा. चिकटलेले तुरे आणि भोके पडलेल्या शेंगा तोडाव्यात. त्या वेलाखाली टाकू नयेत. अळ्या पक्ष्यांना खाता येतील, अशा मोकळ्या जागी दूर ठेवाव्यात. वेलाजवळ एखादी आडवी काठी बांधावी. तिच्यावर साळुंकी आणि कोतवाल येऊन बसतात आणि अळ्या टिपतात.

५ ई. ढेकूण : गोल पाठीचे, लहान, हिरवट-काळपट ढेकूण देठावर ओळीने चिकटलेले दिसतात. पहाटे ते गारठलेले असतात. खाली सुपली किंवा पसरट भांडे धरून देठ हलवला की, ते खाली पडतात. ते दूर नेऊन सोडता येतात.

५ उ. पांढरी माशी आणि लाल कोळी : पान हलवल्यावर पांढऱ्या माश्या उडत असतील आणि पानांवर पिवळ्या-हिरव्या ठिगळांची नक्षी दिसत असेल, तर तो विषाणूजन्य रोग आहे. तो औषधाने बरा होत नाही. असे झाड लवकर उपटावे, म्हणजे शेजारची वाचतात. उन्हाळ्यात पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली तलम जाळे दिसले, तर तो लाल कोळी. त्याला कोरडी, धुळकट हवा आवडते. पानांच्या खालून पाणी फवारत राहिल्यास तो कमी होतो. पिवळे चिकट कागद लावतांना लक्षात ठेवावे की, त्यांवर मित्रकीटकही अडकतात. म्हणून ते थोडे लावावेत आणि रोज पाहावेत.

६. शेवटची पायरी : कडुनिंब

पाण्याची धार, खुडणी आणि वाट पाहणे यांनी भागले नाही आणि मित्रकीटकही दिसत नाहीत, तरच कडुनिंबाकडे वळावे. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन हा घटक किड्याची खाण्याची इच्छा कमी करतो आणि त्याची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतो. त्यामुळे कीड लगेच मरून पडलेली दिसत नाही. 'परिणाम झाला नाही', असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारू नये.

कृती : वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्यातून पिळून गाळावी. त्यात पाणी घालून १ लिटर करावे आणि रिठ्याचे थोडे पाणी मिसळावे, म्हणजे अर्क पानाला धरून राहतो. तो त्याच दिवशी वापरावा. निंबोळ्या न मिळाल्यास १ लिटर पाण्यात ३ ते ५ मिलीलिटर कडुनिंबाचे तेल रिठ्याच्या पाण्यासह नीट घुसळून घ्यावे.

सूचना : आधी २-३ पानांवर फवारून एक दिवस थांबावे. पाने करपली नाहीत, तर पुढे जावे. उन्हात हा घटक लवकर निष्प्रभ होतो आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. म्हणून सूर्यास्तानंतर फवारावे. संपूर्ण वेलावर न फवारता केवळ किडलेल्या फांद्यांवर फवारावे. तोडणीला आलेल्या शेंगा आधी काढून घ्याव्यात. कपडे धुण्याची पूड वापरू नये.

७. बियाण्यातील भुंगा

वेलावरून सुटलेली कीड डब्यात भेटते. वालाच्या दाण्यांना गोल भोके पाडणारा भुंगा बहुतेक वेळा शेतातूनच शेंगेबरोबर घरात येतो. पुढील वर्षासाठी ठेवायचे बी कडकडीत वाळवावे, थंड झाल्यावर चाळलेल्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. आपल्या आजीच्या घरातील ही पद्धत आहे. येथे फवारणी न करता काम होते.

८. आपला वाटा किती ?

शेती करणाऱ्या कुटुंबाचे वर्षाचे पोट पिकावर असते. किडीने होणारी हानी उपायाच्या खर्चापेक्षा अधिक होईल, तेव्हाच उपाय करावा, असे कृषीशास्त्र त्यालाही सांगते. आपण तर घरापुरते पिकवतो. १० शेंगांतील २ शेंगा किडीच्या वाट्याला गेल्या, तर आपले काय अडते ? तुकोबांना शेत राखायला बसवले होते आणि त्यांनी पाखरांना दाणे खाऊ दिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण त्या २ शेंगा भूतयज्ञ म्हणून सोडणे नक्कीच जमेल. बैलकुप्पेच्या शेतकऱ्यासाठी हे सोडणे कठीण आहे, आपल्यासाठी सोपे आहे, याचीही जाणीव ठेवावी.

९. आठवड्याचा अभ्यास

एक लहान वही करावी. ७ दिवस रोज १० मिनिटे वेलापाशी बसावे आणि पानाच्या दोन बाजूंना लिहावे : एका बाजूला आज दिसलेली कीड, दुसऱ्या बाजूला आज दिसलेले मित्र. खाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत.
१. आज मी काही करण्याआधी पानाची खालची बाजू पाहिली का ?
२. आज जो उपाय केला, त्याहून सौम्य उपाय शिल्लक होता का ?
३. ज्या जिवांना माझ्यामुळे त्रास झाला, त्यांची मनोमन क्षमा मागितली का ?

वही लिहू लागल्यापासून मला स्वतःला फवारणीची बाटली एकदाच हातात घ्यावी लागली. मावा यंदाही आला होता. पण ढालकिडेही आले होते आणि या वेळी मी त्यांना ओळखले. पौषात शेंगा पुरेशा मिळाल्या. काहींना भोके होती. त्या बाजूला काढल्या आणि उरलेल्यांची उसळ करून देवाला नैवेद्य दाखवला.